सिग्ना ५५३० घेऊ की प्रायमा ५५३०?

प्रश्न: जेएनपीटी बंदर ते चाकण कंटेनर ओढायचेत. दोन्ही टाटाचेच ट्रेलर ओढणारे ट्रक, मग प्रायमाला जास्त पैसे का मोजू? चालवणार धाकटा भाऊ.

आबा ट्रेलरवाले: ५५ म्हणजे ट्रक, ट्रेलर, माल सगळं मिळून टन, ३० म्हणजे तीनशे एचपी. नावातच उत्तर आहे. इंजिनही एकच, कमिन्सचं ६.७ लिटर. बोरघाटात लोड घेऊन दोन्ही सारख्याच रांगणार. जास्तीचे पैसे केबिनचे.

घाटकरी: एसीसाठी तर प्रायमा नकोच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचाच आहे.

आबा ट्रेलरवाले: खरंय. तरी मी प्रायमाच म्हणेन, पोर्टच्या रांगेत रात्र भावाला काढायचीय. (हप्ते तुम्हाला!) दोन्हींचा ऑन-रोड भाव आधी लेखी घ्या.