लोकवर्गणी आणि अनुदान: गावाच्या विकासनिधीचं नियोजन कुठून सुरू करावं?

शिवारवाट
नमस्कार. ४०० कुटुंबांच्या गावासाठी लोकनिधीचा आराखडा करायला घेतलाय. मागणी तीन कामांची आहे: नळपाणी योजना, शेतांकडे जाणारा रस्ता आणि सभागृह. ढोबळ मांडणी अशी, की एकूण खर्च १०० धरला तर ७० अनुदान, २० रोख वर्गणी आणि १० श्रमदान. अनुदान आगाऊ मिळत नाही. आधी खर्च करायचा, बिलं द्यायची, तपासणी झाली की पैसे. वर्गणी सारखी असावी की ऐपतीप्रमाणे, श्रमदान कसं मोजायचं आणि आधी कोणतं काम घ्यायचं, या तीन मुद्द्यांवर बैठका अडल्यात. जाणकारांनी क्रम सांगावा.

लेखाजोखा
तुम्ही विचारलेल्या तिन्ही मुद्द्यांच्या आधी एक चौथा येतो: मधल्या काळात पैसे कुठून आणणार? कागदावर ७०-२०-१० छान जुळतं, पण काम बंद पडतं ते हातात रोकड नसल्यामुळे.

तुमच्याच आकड्यांवर बघा. श्रमदानाचे १० सोडले तर रोख खर्च ९०. काम ३०-४०-३० अशा तीन टप्प्यांत केलं, तर रोख खर्च २७, ३६ आणि २७. पहिल्या टप्प्याचं अनुदान (२१) यायला तीन महिने लागले आणि तेवढ्यात दुसरा टप्पा सुरू केला, तर एकूण ६३ बाहेर गेलेले असतील आणि गावाची रोकड फक्त २०. म्हणजे ४३ ची तूट. ही तूट दुकानदाराच्या उधारीवर जाते. मग उधारीचा दर लागतो, मालाची निवड त्याच्या हाती जाते आणि अंदाजपत्रक तिथेच फुटतं.

मागच्या टप्प्याचे पैसे जमा झाल्याशिवाय पुढचा सुरू करायचा नाही, असा ठराव केला तर तीच तूट कमाल २२ वर येते. सहा सारखे टप्पे केले तर १२ च्या आत राहते, पण प्रत्येक तपासणीला तीन महिने धरले तर जवळजवळ दीड वर्ष निव्वळ वाट पाहण्यात जातं. तीन की सहा, हे गावाला किती बिनव्याजी उचल उभी करता येते त्यावर ठरवा. ती उचल कोण देणार आणि कधी परत मिळणार, हे वर्गणीच्या ठरावातच लिहा.

खाती दोन ठेवा, बांधकामाचं वेगळं आणि देखभालीचं वेगळं. सही तिघांपैकी दोघांची. पावती फाडणारा आणि वही लिहिणारा माणूस एकच नको. पावतीपुस्तकांना छापील क्रमांक हवेतच, आणि रद्द पावती फाडून टाकायची नाही, पुस्तकातच ठेवायची. बाकी हिशेब नेहमीसारखा.

पाणवठा
लेखाजोखांशी सहमत. माझा आग्रह मात्र असा, की निधीचं नियोजन देखभालीच्या खर्चापासून उलटं करत यावं. उभारणीला अनुदान मिळतं, पंप जळाला की कुणी देत नाही.

नळपाणी योजनेचा वर्षाचा खर्च आधी काढा: वीज, पंप चालवणाऱ्याचं मानधन, क्लोरीन, गळती-दुरुस्ती आणि बदलनिधी. पंप दहा वर्षं टिकेल असं धरलं तर त्याच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी बाजूला पडला पाहिजे. हा शेवटचा आकडा आराखड्यात बहुतेक नसतोच. मग एकूण रक्कम ४०० ने भागू नका. वसुली ८० टक्के धरा, म्हणजे ३२० ने भागा. वर्षाचा खर्च ९६० एकक असेल तर ४०० ने २.४ येतात आणि ३२० ने ३. पाणीपट्टीत थेट २५ टक्क्यांचा फरक पडतो. ही ३ ची पट्टी ऐकून गाव नको म्हणालं, तर योजना लहान करा. पाइप टाकल्यावर हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं चांगलं.

वर्गणीबद्दल: सरसकट सारखी वर्गणी सोपी असते, पण भूमिहीन कुटुंबावर तिचा भार जास्त पडतो आणि तीच कुटुंबं थकबाकीदार ठरतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जंगल, मासेमारी, सिंचन अशी सामाईक साधनं टिकवणाऱ्या गटांचा अभ्यास केला (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं). त्यातला एक मुद्दा इथे तंतोतंत लागू होतो: लाभ आणि भार यांचं प्रमाण जुळलं, तरच लोक नियम पाळतात. म्हणून रस्त्याची वर्गणी त्या रस्त्यावर असलेल्या जमिनीच्या प्रमाणात घ्या. पाण्याची दर घरामागे घ्या, पण रोख की श्रम हे कुटुंबाला निवडू द्या. भारतात जलजीवन मिशनच्या नियमांत गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवाटा आहे, डोंगराळ-वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के, आणि तो रोख, वस्तू वा श्रम अशा कोणत्याही रूपात देता येतो. तुमचा ३० टक्के वाटा त्याच्या तिप्पट आहे, हे लक्षात असू द्या.

आज वर्गणी न देणाऱ्यानं दोन वर्षांनी जोडणी मागितली तर? दर आत्ताच ठरवा: मूळ वर्गणी अधिक ठरावीक वाढ. थकबाकीलाही पायऱ्या हव्यात. आधी आठवण, मग घरी जाऊन भेट, मग दंड. जोडणी तोडणं अगदी शेवटी.

चावडी
शिवारवाट, तीन कामांतून एक निवडायचं असेल तर निकष आणि त्यांचे गुण प्रस्ताव ऐकण्याआधी ठरवा. प्रस्ताव ऐकल्यावर ठरवलेले निकष कुणाच्या तरी सोयीचे निघतात, आणि तसे नसले तरी लोकांना तसं वाटतं. दोन्ही सारखंच घातक.

निर्णय घेणारी समिती कशी असावी, याला चांगला दाखला युरोपीय संघाच्या लीडर उपक्रमाचा. १९९१ मध्ये सुरू झाला. ग्रामीण भागातले स्थानिक कृती गट आपल्या भागाचं धोरण स्वतः आखतात आणि निधीसाठी प्रकल्प निवडतात. २०१४-२० च्या नियमांत स्पष्ट होतं की सरकारी यंत्रणा असो वा कोणताही एक हितसंबंधी गट, निर्णयात ४९ टक्क्यांहून जास्त मतं कुणाचीच नसावीत. तुमच्याकडे याचा अर्थ असा, की मोठे जमीनधारक, एक वस्ती किंवा पदाधिकारी यांपैकी कुणीच एकट्याच्या जोरावर ठराव करू शकणार नाही अशी समिती बसवा. ज्याच्या घराला किंवा शेताला प्रस्तावाचा थेट फायदा आहे त्यानं त्या मतदानात बसू नये आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

इंडोनेशियात १९९८ पासून चाललेल्या केचामातान (म्हणजे उपजिल्हा) विकास कार्यक्रमात गावांना कामांसाठी निधी मिळे, आणि गावाच्या प्रस्तावांपैकी एक महिलांच्या गटाकडून यावा लागे. हे जरूर घ्या. मोठ्या सभेआधी वस्तीवार बैठका आणि महिलांची वेगळी बैठक घेतली नाही, तर सभागृह पहिल्या क्रमांकावर येतं आणि पाणी तिसऱ्यावर.

आणि जागा! टाकीची जागा, रस्त्याची हद्द, पाइप ज्या शेतांतून जाणार ती शेतं, सगळ्यांची लेखी संमती आणि नोंद आधी, वर्गणीची पहिली पावती नंतर. तोंडी दिलेली जागा वारसांपैकी एकानं हरकत घेतली की अडते.

मोजपट्टी
श्रमदानाचा प्रश्न सुटला नाही अजून. हजेरीवर मोजू नका, कामावर मोजा. चर १० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ०.९ मीटर खोल म्हणजे ४.५ घनमीटर. मऊ मातीला एक दर, मुरमाला दुसरा, खडकाला श्रमदान लावूच नका. दर ठरवायला एक दिवस नमुन्याचं काम करून मोजा. खुंटी रोवून प्रत्येक कुटुंबाचा तुकडा आखून द्या आणि खोली पट्टीनं तपासल्यावरच वहीत चढवा. हजेरीवर मोजलं की खोली ०.६ वर थांबते, आणि मग उथळ पाइप बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकाखाली फुटतो. पेरणी-कापणीचे आठवडे टाळा. पाइप गावात पोचण्याआधी चर खणू नका, एका पावसात निम्मा गाळानं भरतो आणि तेच श्रम पुन्हा मागावे लागतात.

देखरेखीबद्दल एक ठोस गोष्ट. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी इंडोनेशियातल्या याच कार्यक्रमाच्या ६०० हून अधिक गावांतले रस्ते तपासले. अभियंत्यांनी रस्ता खणून नमुने काढले, त्यात खडी-वाळू प्रत्यक्षात किती आहे ते मोजलं आणि बिलांशी ताडून पाहिलं. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं आधीच सांगितलेल्या गावांत गहाळ खर्च (बिलं आणि प्रत्यक्ष काम यांतली तफावत) सुमारे ८ टक्के-बिंदूंनी घटला. लोकांचा सभेतला सहभाग वाढवल्यानं सरासरी फारसा फरक पडला नाही. मजुरीतली गळती कमी झाली, मालातली नाही. कारण उघड आहे: मजुरी ज्याची त्याला कळते, रस्त्याच्या पोटात किती खडी गेली ते कुणाला दिसत नाही.

म्हणून फलकावर नुसती रक्कम लिहू नका, मोजता येईल असं लिहा: सिमेंट किती पोती, खडी किती घनमीटर, थराची जाडी किती सेंटीमीटर. माल उतरताना दोन वस्त्यांचे दोन जण हजर, दोघांच्या सह्या. बाहेरच्या अभियंत्याकडून तीन ठिकाणी खड्डा घेऊन थराची जाडी मोजून घ्यायची तरतूद अंदाजपत्रकातच ठेवा आणि ठेकेदाराला निविदेतच सांगा.

शिवारवाट
फार उपयोगी. @पाणवठा, आमच्या आराखड्यात बदलनिधी खरोखरच नव्हता. वर्गणीच्या २० मधूनच तो काढून ठेवला तर?

पाणवठा
नको ताई. त्यानं लेखाजोखांनी दाखवलेली तूट तेवढीच वाढेल. बदलनिधी पाणीपट्टीतून, पाणी सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यापासून. फक्त पहिल्या तीन महिन्यांची पट्टी जोडणी देतानाच आगाऊ घ्या आणि थेट देखभालीच्या खात्यात भरा, म्हणजे पहिली गळती निघाली तेव्हा खात्यात काही तरी असेल.