अग्निवीरचं ग्राउंड-मेडिकल झालं, आता आई नको म्हणतेय. जीवाचा धोका नेमका कसा धरायचा?

पळणारा_कराड:
नमस्कार. वय १९, कराड तालुका. अग्निवीरची (सैन्यातली चार वर्षांची भरती) ऑनलाइन परीक्षा निघाली, १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदात मारले, बीम (पुल-अप) १०, मेडिकल पण फिट, आता फक्त मेरिट लिस्टची वाट बघतोय. दोन वर्षं पहाटे चारला उठून कॅनॉलच्या रस्त्यानं पळालो तेव्हा आई स्वतः उठून चहा करून द्यायची, पण मेडिकल झाल्यापासून बोलेना झालीय. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर सियाचीनला गेला ती बातमी तिला कुणीतरी मोबाईलवर दाखवली. घरी दीड एकर रान, बहीण बारावीला, मुलगा मी एकटाच. मित्र म्हणतात मरण काय हायवेला पण येतं. हे उत्तर मला आईला द्यायचं नाहीये, मलाच ते पटत नाही. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी खरं सांगा, धोका कसा मोजायचा?

माजी_हवालदार_कोरेगाव:
बाळा, १७ वर्षं मराठा लाईट इन्फंट्रीत काढली, ट्रेनिंग बेळगावला. फौजेत धोका किती असा एक आकडा कुणी देत असेल तर ऐकू नको, तो पोस्टिंगवर असतो. दुसरं, सगळे मरणाचंच धरून बसतात. कारगिलला १९९९ ला ५२७ जवान गेले आणि १३०० च्या वर जखमी झाले, म्हणजे एक गेला त्यामागं अडीच जखमी, ते कुणाला आठवत नाहीत. आणि गोळीचंच भ्या धरू नको, माझ्या काळात आमच्या पलटणीत गोळीपेक्षा गाडी दरीत जाऊन आणि बर्फात जास्त गेले. सियाचीन ग्लेशियरला नोव्हेंबर २००३ पासून गोळीबार बंद आहे, तरी २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम पोस्टवर बर्फाचा कडा कोसळून १० जवान गेलेच.

वर चढवताना ९ हजार फुटांपासून टप्प्यानं ठेवतात, आधी ६ दिवस, मग वर ४, मग अजून वर ४. ज्याचं डोकं दुखतंय, खोकला लागलाय आणि तो मागं राहायच्या लाजेनं गप्प बसतो, त्याच्या फुफ्फुसात पाणी होतं आणि रात्रीत खेळ खलास. तेवढा धोका तुझ्या हातात आहे, बोलायला लाजू नको.

माझंच सांगतो. बुटाला क्रॅम्पॉनचा (बर्फावर चालायच्या खिळ्यांचा) पट्टा बसंना म्हणून डाव्या हाताचा मोजा काढला, दोन-तीन मिनिटंच. रात्री हटमध्ये बघतो तर दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी, टाचणी टोचली तरी कळंना. पुढं काळी पडली, दोन पेरं गेली. नोकरी पुरी केली, पण शर्टाचं बटण लावायला अजून वेळ लागतो.

फौजीची_बायको:
भाऊ, आमच्या ह्यांची गाडी जम्मूकडं दरीत गेली, मणक्याला मार लागला, कमरेखाली काही नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला (मणक्याला मार लागून अपंग झालेल्या जवानांचं केंद्र) बरेच महिने काढले, १९७४ पासून आहे ते. तिथं तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी पोरं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, मी पहिल्या दिवशी बाहेर येऊन खूप रडले. आता घरी आहोत. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला बेडसोअर होतो, म्हणून १२, २, ४ असे अलार्म आहेत माझ्या मोबाईलला. ११ वर्षं झाली.

ह्यांची जुनी भरती म्हणून पेन्शन आहे, त्यावर घर चाललंय (त्यातही एका ऑफिसात आमची फाईल १४ महिने पडून होती). अग्निवीरचं नीट वाचून घे. अपंगत्व आलं तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५, ५० ला १५, एकदाच, आणि तेही नोकरीमुळं झालं असं मेडिकल बोर्डानं धरलं तर. जीव गेला तर ४८ लाखांचा विमा, नोकरीमुळं गेला असेल तर वर ४४ लाख, सेवा निधी (पगारातून कापलेले आणि सरकारनं घातलेले पैसे), उरलेल्या महिन्यांचा पगार. घरच्यांना पेन्शन नाही. एकदम आलेला पैसा भाऊबंदांत कसा जातो ते मी दोन घरांत बघितलंय.

आईला "काही होत नाही गं" असं म्हणू नको. नॉमिनी कोण, पैसे कुठल्या खात्यात, बहिणीचं शिक्षण कशातून होणार, आणि मी अंथरुणाला खिळलो तर मला उचलणार कोण, हे घरात बसून बोल. शेवटचं तर बोलच, आमच्याकडं ते कुणीच बोललं नव्हतं.

राजस्थान_पोस्टिंग:
ताई, तुमचं दुःख मोठंय पण पोराला इतकं घाबरवू नका. माझा भाऊ अग्निवीर आहे, ठीक आहे, पहिल्या वर्षी हातात २१ हजार आले, चार वर्षांनी सेवा निधीचे ११.७१ लाख. भावा, जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा जवान) फॉर्म भरलाय की क्लार्क, टेक्निकल, ट्रेड्समनला? त्यावर लई फरक पडतो. फक्त चार वर्षांनी १०० तले २५ च राहतात, ते पण धर हिशोबात.

माजी_हवालदार_कोरेगाव:
ताई घाबरवत नाहीयेत, जे भरतीच्या बोर्डावर नसतं ते सांगतायत. मी आजही म्हणेन जा. पण ट्रेडच्या भरवशावर निर्धास्त राहू नको, रसद घेऊन जाणारा ड्रायव्हर पण त्याच घाटातनं जातो.

पळणारा_कराड:
जीडीलाच भरलाय. काल जेवण झाल्यावर आईला तुमचे रिप्लाय वाचून दाखवले, ताईंचा पण. अलार्मचं ऐकून उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, ते उचलायचं मी बघीन, पण पैशाच्या कागदावर बापाबरोबर तुझ्या बहिणीचं पण नाव पाहिजे. म्हणजे हो म्हणाली की काय अजून कळत नाहीये. काका, तिला तुमच्याशी एकदा बोलायचंय, मेसेजमध्ये नंबर पाठवाल का?

माजी_हवालदार_कोरेगाव:
पाठवला. संध्याकाळी सातनंतर लावा, त्याआधी धारा असतात. आमच्या मंडळीपण बोलतील त्यांच्याशी.