की-झेर्बो मोठे कशामुळे? १९५८ च्या 'नाही'मुळे की इतिहासलेखनामुळे?

कोरडवाहू:
जोसेफ की-झेर्बो (१९२२–२००६) म्हणजे आजच्या बुर्किना फासोचे, तेव्हाच्या अप्पर व्होल्टाचे इतिहासकार. त्यांच्याबद्दलचं बहुतेक लेखन ग्रंथांपाशीच थांबतं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतातलं आहे. फ्रान्सचे पंतप्रधान द गॉल यांनी आफ्रिकेतल्या वसाहतींपुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या: 'फ्रेंच समुदाया'त, म्हणजे फ्रान्सच्या छत्राखाली, राहा, नाहीतर लगेच बाहेर पडा आणि मदत विसरा. बडे नेते 'हो' म्हणाले. की-झेर्बोंच्या एमएलएन (राष्ट्रीय मुक्ती चळवळ) पक्षाने 'नाही'चा प्रचार केला. गिनी एकटा बाहेर पडला, फ्रान्सने तिथले अधिकारी आणि शिक्षक काढून घेतले, तेव्हा की-झेर्बो तिथल्या राजधानीत, कोनाक्रीला, शिकवायला गेले. बोलले तसे वागले.

मोडीवाचक:
पण मतं कुठे पडली? अप्पर व्होल्टात 'हो'ला ९९ टक्के, गिनीत 'नाही'ला ९५. गिनीत सेकू तुरेंच्या पक्षाने मार्च १९५७ मध्ये ६० पैकी ५६ जागा जिंकल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस परगण्यांचे सरदार हे पदच रद्द केलं. कर गोळा करणारा आणि गावाला मतदानाला हाकणारा माणूसच मधून गेला. एमएलएन मात्र शिक्षक-विद्यार्थ्यांचा पक्ष, गावात त्याचं कोण होतं? सरदारांना हात न लावता सार्वमत जिंकता येत नव्हतं.

कोरडवाहू:
मग ९९ टक्के हा लोकमताचा कौल कसा म्हणता? नायजरमध्ये जिबो बाकारी स्वतः सरकारचे प्रमुख, तेही 'नाही'च्या बाजूने, तरी 'हो'ला ७८ टक्के! पॅरिसने ऐनवेळी नवा गव्हर्नर पाठवला आणि प्रशासन, सरदार सगळे कामाला लावले. अशा वेळी हरणार हे दिसत असूनही उभं राहणं महत्त्वाचं. आणि २३ महिन्यांत, ५ ऑगस्ट १९६० ला, अप्पर व्होल्टाही स्वतंत्र झालाच.

मोडीवाचक:
नायजरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बाकारींकडे सत्ता होती, पण सरदार जागेवरच होते.
आता ग्रंथांकडे या. युनेस्कोच्या आफ्रिका इतिहासाचा पहिला खंड (१९८१) की-झेर्बोंनी संपादित केला, आणि तो मुख्यतः इतिहासलेखनाच्या पद्धतीवर आहे. तोंडी परंपरा हे साधन आहे, पण ते तपासून घ्यावं लागतं. वंशावळ सांगताना अल्पकाळचे राजे गळतात, गादी बळकावणाऱ्यांची नावं पुसली जातात, भाऊभाऊ बापलेक होऊन बसतात. मग काळ काढायला राजांची संख्या गुणिले सरासरी कारकीर्द असा हिशेब केला की शंभर वर्षं सहज इकडची तिकडे. म्हणून अरबी बखरी, उत्खनन, भाषांचा अभ्यास, सगळं एकमेकांवर ताडून पाहायचं. 'लेखन नाही म्हणून इतिहास नाही' या वसाहतवादी दाव्याला हे खरं उत्तर.

तिठा:
दोघेही १९६६ विसरताय. अप्पर व्होल्टाचे राष्ट्राध्यक्ष यामेओगोंनी सरकारी नोकरांचे पगार २० टक्के कापायला घेतले. ३ जानेवारीला कामगार संघटना रस्त्यावर आल्या आणि सरकार पडलं. त्या उठावात एमएलएनचे शिक्षक पुढे होते. म्हणजे गावात कमी पडलेली तीच फळी राजधानी वागादुगूत पुरली.

मोडीवाचक:
सरकार पडलं, पण सत्ता गेली लष्कराच्या लामिझानांकडे. ती घ्यायला एमएलएनकडे वागादुगूबाहेरची माणसं तेव्हाही नव्हती.