मदत हवी आहे: लेकीला ग्रीक शाळेत घालावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला ओकलीत राहतो. सासू-सासरे १९६०च्या दशकात ग्रीसहून इथे आले. नवऱ्याचं बालपण घरात ग्रीक, बाहेर इंग्रजी असं गेलं. मुलं नाकं मुरडायची म्हणून डब्यातलं फेटा चीज तो लपवून खायचा. शनिवारी मित्र फुटी (इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळायला जात, याला मात्र ग्रीक शाळा. तो राग अजून आहे. पण ईस्टरला लाल अंड्यांची टक्कर लावताना आईशी तो किती मोकळेपणाने ग्रीक बोलतो! ते त्या शाळेमुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

आता लेक पाच वर्षांची होतेय. रविवारी तिची मराठी शाळा असतेच. शनिवारही अडकवावा का? की सासूबाईंकडूनच घरी शिकू द्यावं? अशा घरात वाढलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.