जखम तळपायाला, मग गाठ जांघेत का? आणि पांढऱ्या पेशी कधी वाढतात, कधी घटतात, ते कसे?

करवीरकर: कसबा बावड्याजवळच्या आमच्या शेतात वडिलांच्या तळपायात उसाचे धसकट घुसले. जखमेत पू झाला आणि जांघेत अवधाण (सुजलेली दुखरी गाठ) आले. तपासणीत पांढऱ्या पेशी १६,४०० आल्या, त्यांत न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा प्रकार ८४ टक्के. मात्र धाकट्या भावाला डेंग्यू झाला तेव्हा याच पेशी २,८०० वर उतरल्या होत्या. असे उलटसुलट का व्हावे? शिवाय आजी अवधाणावर बिब्बा लावायला सांगत आहे.

राजारामपुरी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ: प्रौढांच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. धसकटाबरोबर जिवाणू आत शिरले की तेथील पेशी रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि न्यूट्रोफिल त्यांच्या भिंतीतून वाट काढत जखमेपर्यंत पोहोचून जिवाणूंना गिळतात. या कामात त्या स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच मृत शरीरे. मागणी वाढली की अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणारा मगज, आपला साठा रक्तात सोडते, म्हणून आकडा चढतो. रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून, त्यांभोवती अशाच पेशी जमताना पाहिल्या होत्या. तुमच्या वडिलांच्या पायात तेच घडले आहे, हे मला फार विलक्षण वाटते.

पन्हाळा रोड: अवधाणाविषयी लिहितो. पायातील लसिका, म्हणजे पेशींभोवतालचा पातळ द्रव, जांघेतील गाठींतून गाळली जाते आणि तिच्याबरोबर जंतूंचे अंशही तेथे येतात. त्या गाठींत लिम्फोसाइट या प्रकारच्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी ज्यांना नेमका तो जंतू ओळखता येतो, त्या झपाट्याने वाढतात, काही प्रतिपिंडे (जंतूला चिकटणारी प्रथिने) तयार करतात आणि काही तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. गाठ सुजते ती या धावपळीमुळे. त्यावर बिब्बा कृपया लावू नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते आणि मूळ जखम तशीच राहते. पायावर लाल रेघ चढताना दिसली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

राजारामपुरी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ: डेंग्यूचे राहिले. तो विषाणू अस्थिमज्जेतील निर्मिती काही दिवस मंदावतो, त्यामुळे आकडा उतरतो. तरीही लिम्फोसाइटांचे काम चालूच असते आणि रुग्ण बरा होऊ लागला की संख्या पूर्ववत होते.

करवीरकर: मनापासून आभार. धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच दिवशी दिले होते. बिब्बा लावणार नाही. आजीला हे उत्तरच वाचून दाखवतो.