मुंबईच्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री: जाण्याआधी काय काय पाहून ठेवायचं?

पूर्णाकाठ
माळ्यावरची ट्रंक साफ करताना मामांचं जुनं पत्र निघालं. अपोलो बंदरच्या ताज हॉटेलच्या कागदावर लिहिलेलं. वर घुमटाचं चित्र, खाली चार ओळी, ‘पाऊस पडला का’ एवढंच विचारलेलं. त्यावरून हा धागा काढतो आहे. योगही तसाच आला. शेजारचे काका-काकू पुढच्या महिन्यात त्याच हॉटेलात दोन रात्री राहायला जाणार आहेत. लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून पोरानं बुकिंग केलं. दोघंही साठीच्या पुढचे, काकूंचे गुडघे दुखतात. रोज संध्याकाळी ओट्यावर एक नवीन प्रश्न निघते.

पहिला प्रश्न: गाडी सकाळी पोचते, खोली दुपारी 2 ला मिळते. मधले सात-आठ तास काय करायचं? ज्यांनी हॉटेलच्या कामात वर्षं काढली त्यांनी नेमकं लिहा. ‘मजा करा’ एवढंच लिहू नका, ते घरचे सांगतच आहेत.

तिफण
हा प्रश्न आपल्या विदर्भाचाच आहे. विदर्भ एक्सप्रेस घ्या की अमरावती एक्सप्रेस, सकाळी सहा-सातच्या सुमारास सीएसएमटीला उतरवते. तिथून हॉटेलसमोरचं गेटवे अडीच-तीन किलोमीटर. सरळ हॉटेलवरच जा, स्टेशनच्या क्लोक रूमच्या रांगेत उभं राहू नका. रिसेप्शनवर आधी नोंद करून घ्या, ओळखपत्रं देऊन टाका. खोली तयार असली तर बरेचदा तेव्हाच देतात. नसली तर बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्यांकडे, बॅगा ठेवून टॅग घ्या, त्याचे पैसे नाहीत. ‘आंघोळीची सोय आहे का’ हे स्पष्ट विचारा. हेल्थ क्लबच्या चेंजिंग रूममध्ये शॉवर असते, पाहुण्यांना वापरू देतात.

म्हणून एका लहान पिशवीत एक जोडी कपडे, टॉवेल, औषधं, चष्मा वेगळं ठेवा. मोठी बॅग एकदा आत गेली की लॉबीत उघडावी लागत नाही.

सकाळी खोली हमखास पाहिजे असली तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागते. दोन रात्रींच्या तीन होतात. माझ्या मते तेवढे पैसे घालू नयेत. आठवडाभर आधी फोन करून ‘गाडी सातला पोचते, वय झालेले पाहुणे आहेत’ एवढं बुकिंगवर लिहून घ्यायला सांगा. हाऊसकीपिंगवाले सकाळी रिकाम्या होणाऱ्या खोल्यांचा क्रम ठरवतात तेव्हा ती नोंद कामी येते.

वैनगंगा
जातानाचं पण हेच आहे जी. खोली 12 ला सोडायची अन् परतीची गाडी संध्याकाळी सातनंतर. बॅगा पुन्हा बेल डेस्कवर. टॅग हरवू नका.

पळसफूल
काकूले सांगजा, खोली मागताना ‘टब नको, उभ्यानं आंघोळीचा शॉवर पाह्यजे’ असं बोलून ठेवा. टबाची कड गुडघ्याच्या वर येते अन् आत ओलं असते. पाय घसरायची सगळ्यात वाईट जागा थेच. टबवालीच खोली आली त रबराची चटई मागा अन् भिंतीले पकडायची दांडी आहे का पाहून घ्या. बादली-मग मांगितला त आणून देतात, लाजायचं काम नाही. सोबत प्लास्टिकचं स्टूल मांगजा.

पूर्णाकाठ
स्टूलचं सुचलंच नव्हतं. आजच पोराला सांगतो.

गेरू
नळाबद्दल लिहितो, घोळ तिथंच होतो. एकच दांडी असते. वर उचलली की पाणी, डावीकडे गरम, उजवीकडे थंड. गरम पाणी मध्यवर्ती टाकीतून येते, गिझरसारखं हळूहळू तापत नाही, एकदम कढत येऊ शकते. म्हणून दांडी आधी पूर्ण उजवीकडे, मग पाणी सुरू, मग बोटानं पाहत पाहत डावीकडे. खालच्या तोटीतून वरच्या फवाऱ्यात पाणी न्यायला वेगळं बटण किंवा खुंटी असते. पाणी बंद केलं तरी काही नळांत ती वरच राहते, अन् पुढचा माणूस बादली भरायला गेला की डोक्यावर पाणी. पडदा असला तर त्याची खालची कड टबाच्या आत सोडायची. बाहेर राहिली तर सगळी फरशी ओली.

बाथरूमला काचेची भिंत असली तर घाबरू नका, पडद्याचं बटण बेडजवळ नाही तर बाथरूमच्या दाराशी असते.

हिशोबाची वही
पैशाचं कोणी लिहिलं नाही अजून.

एक, कर. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, त्याच्या वर 18 टक्के. 7,500 ची खोली 7,875 ला पडते, 7,600 ची 8,968 ला. भाडं शंभरानं वाढलं, बिल 1,093 नं. ताजसारख्या ठिकाणी 18 टक्केच धरा. समजा भाडं 18,000 असलं तर दोन रात्रींचे 36,000 अन् कर 6,480, एकूण 42,480. पोरानं भरलेली रक्कम करासहित आहे का, हे पावतीवर पाहा.

दोन, डिपॉझिट. भाडं पूर्ण भरलेलं असलं तरी खाण्यापिण्यासाठी म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात अन् मोकळे व्हायला बँकेला काही कामाचे दिवस लागतात. पेरणीच्या किंवा वेचाईच्या दिवसांत मजुरीचे पैसे असे अडकले तर घरची पंचाईत. त्यापेक्षा सरळ सांगा: ‘खोलीवर काही लिहू नका, जे घेऊ त्याचे जागीच देऊ.’ मग डिपॉझिट कमी होते किंवा घेतच नाहीत. रोख किंवा यूपीआयनं दिलं तर पावती घ्या, निघताना तीच दाखवायची.

तीन, कार्ड पोराचं अन् राहणार आईवडील. बुकिंग आईवडिलांच्या नावानं पाहिजे, अन् दुसऱ्याच्या कार्डानं पैसे भरल्याचं संमतीपत्र हॉटेलला आधी ई-मेलनं गेलं पाहिजे. नाही तर काउंटरवर पुन्हा कार्ड मागतात अन् पोरगा असते पुण्यात.

वैनगंगा
ओळखपत्र दोघांचंही. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसते. आधार, मतदार कार्ड, लायसन चालते. आधारची मास्क केलेली प्रत यूआयडीएआयच्या (आधारवाल्यांच्या) साइटवरून निघते, फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. तीच द्या.

कपाशी
नाश्ता धरलेला आहे का पाहा. बुकिंगच्या कागदावर ईपी असलं तर नुसती खोली. सीपी म्हणजे नाश्त्यासहित. एमएपी म्हणजे नाश्ता अन् एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता अन् दोन्ही जेवणं.

संत्रावाला
सीपीच घ्या भाऊ. नाश्त्यातच दुपारचं जेवण होऊन जाते. साधारण साडेदहाले बंद करतात, म्हणून नवाच्या आत जा. दारात खोली नंबर सांगायचा. टेबलावर बसल्यावर चहा विचारतात, तवा ‘मसाला चहा, दूध टाकून उकळलेला’ असं बोला. नुसतं ‘टी’ म्हटलं त किटलीत कोरं पाणी अन् दूध अलग येते. डोसा, आमलेट समोर करून देतात, सांगून टेबलावर येऊन बसायचं. पाह्यजे तितक्या वेळा घ्या. डब्यात भरून नेता येत नाही. एकादशी-चतुर्थी असली त आदल्या रात्री किचनले कळवा, सकाळी सांगितलं त फळं-दूधच भेटते.

झाडीपट्टी
संत्रावाले भाऊ, संत्र्याचा अंबिया बहार कसा हाय यंदा? आमच्याकडे धानाले पाणी मस्त झाला.

संत्रावाला
फळ बरं आहे, गळ आहे थोडी. अलग बोलू.

चादर-उशी
हाऊसकीपिंगच्या बाजूनं लिहितो. खोलीत शिरलं की दाराजवळच्या खाचेत कार्ड घालायचं, तेव्हाच दिवे अन् एसी सुरू होते. काढलं की थोड्या वेळात सगळं बंद. लिफ्टलाही बरेचदा तेच कार्ड लागते. काकांकडे एक अन् काकूंकडे एक, दोन मागून घ्या.

पांघरूण गादीखाली घट्ट खोचलेलं असते, पायाकडून ओढून मोकळं करा. एसी 24-25 वर ठेवा. तरी थंडी वाजली तर साधी ब्लँकेट मागा, देतात. लॉबीतला अन् वऱ्हांड्यातला गारवा मात्र आपल्या हाती नसते, काकूंनी शाल हाताशी ठेवावी.

आता डागांचं. पांढऱ्या टॉवेलवर केसांचा कलप, मेंदी, हळद लागली तर पैसे लावू शकतात, कारण ते धुऊन निघत नाही, टॉवेल बाद होते. कलप घरूनच करून जा. खोबरेल तेल लावून झोपायची सवय असली तर उशीवर आपला जुना टॉवेल टाका. खर्रा (तंबाखू-सुपारी) घरी ठेवलेला बरा. संगमरवराच्या बेसिनवर डाग बसला की घासून निघत नाही.

खोलीत उदबत्ती, निरांजन अजिबात नको. छतावर धुराचा सेन्सर असते, घंटा वाजली की सुरक्षावाले धावत येतात. देवाला फूल वाहा, हात जोडा, झालं.

फ्रिजमधल्या अन् ट्रेवरच्या वस्तूंचे पैसे पडतात. काही फ्रिजांत वस्तू उचलली की आपोआप बिलात चढते, परत ठेवली तरी. म्हणून आपली पाण्याची बाटली किंवा डबा तिथं घुसवू नका. ज्या पाण्यावर ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं ते फुकट. चहा-कॉफीची पाकिटं फुकट, संपली तर अजून मागा. दूध पावडर एका कपाला एक पुरत नाही, दोन घ्या. दाढीचं, दात घासायचं सामान, कंगवा खोलीत नसलं तर फोन करून मागायचं, तेही फुकट. साबण, शाम्पू, कापडी चपला, लिहायचा कागद घरी नेले तर चालते. टॉवेल, गाऊन, हँगर हॉटेलचे.

पूर्णाकाठ
कागद नेता येतो हे वाचून बरं वाटलं. काकूंना सांगतो, तिथून एक पत्र लिहा म्हणून.

पळसफूल
काकाले शुगर आहे का? इन्सुलिन असलं त खोलीतल्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका. थे फ्रिज पुरेसं थंड होत नाही, अन् कार्ड काढलं की काही ठिकाणी फ्रिजही बंद पडते. रिसेप्शनवर द्या, नाव लिहून औषधाच्या फ्रिजमधी ठेवतात. गाडीत न्यायले थर्मासची पिशवी.

पूर्णाकाठ
आहे शुगर. गोळ्यांवर आहेत.

पळसफूल
मंग काळजी नाही. जेवणाची वेळ मात्र चुकवू नका, मुंबईत फिरता फिरता चार वाजतात.

तिफण
दारात बॅगा एक्स-रे मशीनमधून जातात. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताज अन् ट्रायडंट-ओबेरॉय दोन्ही सापडले होते. अडकित्ता, चाकू, विळा बॅगेत असलं तर काढून ठेवायला लावतात, टॅग देऊन निघताना परत देतात. काकांनी वाईट वाटून घेऊ नये, प्रत्येकाचं असंच पाहतात. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, शेवेचं पाकीट याला सहसा कोणी अडवत नाही. वासाचं रस्सेदार काही नको. बंद खोलीत वास बसते, खिडकी उघडत नाही.

गेरू
काका धोतर-टोपी घालतात ना? तसंच जाऊ द्या. काही रेस्टॉरंटात रात्री पुरुषांना हाफ पँट अन् उघड्या चपला चालत नाहीत. धोतर-सदरा आपला पूर्ण पोशाख आहे, पण पायात मागं पट्टा असलेली सँडल असू द्या. टेबल बुक करताना विचारलं की प्रश्नच मिटला.

कपाशी
जेवण बाहेर केलं तर स्वस्त पडेल का? की खोलीत मागवावं?

हिशोबाची वही
खोलीत मागवलं तर काही ठिकाणी ट्रेचं वेगळं शुल्क लागते, मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात असते. जेवणावरही अशा हॉटेलात 18 टक्के कर धरा. दोघांना एक वरण, एक भाजी, चार पोळ्या, एक भात पुरून उरते. आधी एवढंच सांगा, लागलं तर वाढवा. बिलात सेवा शुल्क दिसलं तर ते काढायला सांगता येते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे निर्देश दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये कायम ठेवले आहेत, ते सक्तीचं नाही. वाढणाऱ्याला बक्षीस द्यायचं तर हातात द्या. पन्नास-शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवा, पाचशेची मोड ऐन वेळी मिळत नाही.

वैनगंगा
घारापुरीला जायचं असलं तर सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद. बोट समोरच गेटवेवरून. पण पायऱ्या लय आहेत, काकूंना झेपणार नाहीत.

झाडीपट्टी
त्या हॉटेलात खोल्या दोन प्रकारच्या असतात जी. जुना महाल 16 डिसेंबर 1903 ले उघडला, बाजूचा उंच टॉवर 1973 चा. कोणती बुक केली पाहून घ्या. समुद्र दिसणारी, शहराकडची, पोहण्याच्या तलावाकडची, असे भाव वेगळे. समुद्राकडची असली तर पडदा उघडून ठेवा, उजाडताना गेटवे समोर दिसते. गेटवे 1924 मध्ये पुरा झाला, हॉटेल त्याच्या 21 वर्षं आधीचं.

पूर्णाकाठ
समुद्राकडचीच आहे, टॉवरमधली. काकू विचारत आहेत की उजाडताना उठवून देतात का, कारण काकांचा मोबाइल रात्री बंद असतो.

चादर-उशी
देतात. खोलीतल्या फोनवर 0 किंवा ज्या बटणावर ऑपरेटर लिहिलं ते दाबा, ‘साडेपाचला वेक-अप कॉल’ म्हणा, मराठीत सांगितलं तरी समजते. समोरचा माणूस वेळ अन् खोली नंबर परत म्हणून दाखवते, तेवढं ऐकून मगच फोन ठेवा. चहा त्याच वेळी पाहिजे असला तर तेव्हाच सांगा, तो आणायला वीसेक मिनिटं लागतात.