फरसाठी सापळ्यात धरलेला प्राणी मारण्याची रीत: नियम पुरेसे आहेत का?

उत्तरेकडचा (धागाकर्ता):

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात राहायला आल्यावर, फरसाठी सापळे लावणाऱ्या शेजाऱ्यासोबत मी दोन हिवाळे रानात हिंडलो. येथे परवाना मिळण्याआधी या कामाचे शिक्षण घेणे सक्तीचे आहे आणि तेही मी घेतले. त्यातून बनलेले मत चर्चेसाठी मांडतो. सापळा कसा असावा याचे नियम बारकाईने केलेले आहेत. पण सापळ्यात जिवंत सापडलेल्या प्राण्याला माणसाने कसे मारावे, याचा विचार तितक्या काटेकोरपणे झालेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जबड्यात पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घालणारा, आणि असे सापळे वापरणाऱ्या देशांतून १३ जातींच्या प्राण्यांची फर येऊ न देण्याचा नियम युरोपीय समुदायाने १९९१ साली केला. कॅनडाची बाजारपेठ त्यामुळे धोक्यात आली आणि बऱ्याच वाटाघाटींनंतर १९९७ साली युरोप, कॅनडा व रशिया यांच्यात सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. जीव घेणाऱ्या सापळ्याची चाचणी किमान १२ प्राण्यांवर व्हावी आणि त्यांपैकी किमान ८० टक्के प्राणी ठरलेल्या वेळेत संवेदनाहीन व्हावेत, ही त्यातील एक प्रमुख अट आहे. ही वेळ अर्मिन या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकारी प्राण्यासाठी ४५ सेकंद, त्याच्याच कुळातल्या मार्टेनसाठी १२० सेकंद आणि इतर जातींसाठी ३०० सेकंद आहे.

खोकड, कोल्ह्यासारखा कायोटी आणि लिंक्स ही रानमांजर मात्र बरेचदा नुसत्या धरून ठेवणाऱ्या सापळ्यांत सापडतात. अशा सापळ्यामुळे प्राण्याला किती इजा होते हे करारानुसार तपासले जाते, पण त्यानंतरचे काम सापळा लावणाऱ्याच्या हाती राहते आणि त्याचे अर्धे लक्ष कातड्यावर असते. गोळीने छिद्र पडते, रक्ताने केस माखतात, भाव उतरतो. म्हणून कोणी डोक्यात दांडके घालतो, कोणी छातीवर दाब देतो, कोणी गळ्याला फास लावतो. माझ्या शेजाऱ्याची शिस्त वेगळी होती. सापळा दिसण्याआधीच बंदूक तयार ठेवायची, प्राण्याभोवती घुटमळायचे नाही, तो क्षणभर स्थिर झाला की .२२ बोरची एकच गोळी मेंदूत, आणि हलणाऱ्या डोक्यावर कधीही नाही. धरून ठेवणाऱ्या सापळ्यांची रोज पाहणी व्हावी आणि मेंदूत गोळी घालण्यावाचून दुसरी रीत चालू नये, असा कायदाच असावा असे मला वाटते.

मृगशीर्ष:

आपली कळकळ खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे. ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटे. शुद्धीत असलेल्या जिवाने पाच मिनिटे लोखंडाच्या पकडीत काढावीत आणि त्याला आपण मानवीय म्हणावे, हे मला पटत नाही. बारांपैकी दहा प्राणी वेळेत बेशुद्ध झाले तरी सापळा उत्तीर्ण होतो. उरलेल्या दोघांचे काय होते?

शेवटच्या गोळीआधीची रात्र तर आपण हिशेबातच धरलेली नाही. कडाक्याच्या थंडीत अडकून पडणे, सुटण्यासाठी लोखंड चावून दात मोडणे, माणूस जवळ येताना वाटणारी भीती, यांतले काहीही अचूक नेमबाजीने भरून निघत नाही. पायाला पकडणारा दातेरी सापळा इंग्लंडने १९५८ सालीच बंद केला. कॅलिफोर्नियाने २०१९ साली व्यापारासाठी सापळे लावणेच थांबवले. आपल्याकडे मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार बेकायदा आहे. लपूनछपून तो चालतो, धाडी पडतात, पण मुंगूस सफाईने कसे मारावे याची मानके करा असे कोणी म्हणालेले नाही. मग खोकडासाठी तसे का म्हणायचे?

रानवैद्य:

मी पशुवैद्यक आहे. धागाकर्त्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी त्यांच्या एकमेव रीतीत एक अडचण आहे. रकून, खोकड आणि स्कंक या रानटी प्राण्यांत रेबीज आढळतो आणि त्याच्या तपासणीसाठी मेंदू शाबूत लागतो. प्राण्याची लक्षणे संशयास्पद असतील किंवा त्याने कोणाला चावले असेल, तर डोक्यात गोळी घालून चालत नाही.

बाकीच्या रीतींबद्दल मात्र मला शंका नाही. शुद्धीतल्या प्राण्याची छाती दाबून त्याला मारणे अमेरिकी पशुवैद्यकीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्य नाही. पाण्यातल्या सापळ्यात धरून प्राण्याला बुडवून मारण्यालाही ती तत्त्वे अमानुष मानतात. पाण्यात कर्बवायूने गुंगी येते आणि प्राणी शांतपणे जातो, असे समर्थक सांगतात. वस्तुतः रक्तातला कर्बवायू तेवढा वाढण्याआधीच प्राणवायूविना त्याची तडफड झालेली असते. त्यातही बीव्हर आणि मस्करॅट हे पाण्यात बुड्या मारणारे प्राणी असल्यामुळे श्वास रोखताच त्यांच्या हृदयाची गती मंदावते आणि प्राणवायू पुरवून वापरला जातो. बीव्हर पंधरा मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो. जी देणगी त्याला जगवते, तीच येथे त्याचे मरण लांबवते.

पाणथळ:

तिघांच्याही लिखाणात पाण्याकाठी राहणारी माणसे दिसत नाहीत. क्री या कॅनडातील मूळनिवासी लोकांसाठी बीव्हर म्हणजे केवळ फर नाही; त्याचे मांस घरात शिजते. हिवाळ्यात बर्फाखाली लावलेल्या सापळ्याजवळ बंदूक घेऊन उभे राहणार तरी कोण? शिवाय बीव्हरच्या बंधाऱ्यांमुळे रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा फर विकली जावो न जावो, त्याला मारले जातेच. दूरवर पसरलेल्या सापळ्यांची रोज पाहणी करा, हे वादळवाऱ्यात अडकलेल्या माणसाला सांगणे सोपे नाही.

आणि मृगशीर्ष, बंदीची झळ कोणाला बसते तेही पाहावे. युरोपने १९८३ साली सीलच्या पिलांची कातडी आणण्यास मनाई केली तेव्हा उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या इनुइट लोकांनी केलेली शिकार तिच्या कक्षेत नव्हती, तरीही सीलच्या कातड्याचा भाव कोसळला आणि त्यांचीच कुटुंबे अडचणीत आली.

उत्तरेकडचा:

रानवैद्य, रेबीजचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो मान्य करतो. ‘दुसरी रीत नाही’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. पाण्यातल्या सापळ्यांबाबतही मी गप्प राहिलो, कारण शिकताना तेच साधन बीव्हरसाठी योग्य म्हणून दाखवले गेले आणि मी त्यावर प्रश्न विचारला नाही. बर्फाखाली लावायचाच असेल तर मान आणि छाती एका झटक्यात आवळणारा, मानकांनुसार तपासलेला सापळा लावावा आणि बुडवणारी बांधणी सोडावी, असे आता मला वाटते.

पाणथळ, रोजच्या पाहणीबाबत मात्र मी मागे हटणार नाही. शेजारी सत्तरीच्या घरात आहे. गुडघा दुखू लागला त्या वर्षी त्याने धरून ठेवणारे सापळे निम्म्याहून कमी केले, कारण एका दिवसात जेवढ्यांपर्यंत तो चालत पोहोचू शकत होता तेवढेच त्याने ठेवले. वादळाचा अंदाज आला की आदल्या दिवशीच ते मिटवून ठेवी आणि त्या आठवड्याची कमाई सोडून देई.

मृगशीर्ष:

आपल्या शेजाऱ्यांचा मला आदर वाटतो. क्री कुटुंबाच्या चुलीवर शिजणाऱ्या बीव्हरबद्दलही माझी तक्रार नाही. बंधाऱ्यांचे पाणी मात्र बीव्हर न मारता उतरवता येते. बंधाऱ्यातून नळ घालून पातळी ठरावीक ठेवण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत वापरात आहे. राहिला कोटाच्या गळपट्टीला शोभेसाठी लावलेला कायोटी. तो सापळ्यात रात्रभर का थांबला, याचे उत्तर या धाग्यात मला अजून मिळालेले नाही.